छातीवरची फळी

पेट्रोलपंपावरच्या माणसानं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि कमरेला खोचलेल्या चिंधीनं पुसली. चिंधी गडद हिरवी होती, मधोमध पांढरी. त्या पांढऱ्यावर काळं तेल पसरलं. लोर्ना क्विल्टी शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला बसली होती. गाडी उभीच होती, तरी तिचा पाय तिच्या बाजूच्या जादा ब्रेकवर गच्च दाबला गेला. शेजारी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसलेल्या कॉलिसबाई दचकल्या. साठीला आल्यावर गाडी शिकायला निघालेल्या बाईला आपलंच काहीतरी चुकलं असं सारखं वाटत असतं. "माझं चुकलं का काही?" त्यांनी विचारलं. लोर्नानं मान हलवली आणि काच खाली केली. "ती चिंधी कशाची आहे?" माणसानं हातातल्या वस्तूकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ही? बेलमाउथची जुनी जर्सी. क्लबनं सगळा जुना माल काढून टाकलाय, पोत्यानं मिळतो. लोकर आहे ना, तेल छान शोषते." "तुम्ही बेलमाउथचे?" "छे हो, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही." त्यानं बॉनेट आपटलं आणि चिंधी पुन्हा कमरेला खोचली. ती मागून घ्यावी असं लोर्नाला क्षणभर वाटलं. पण मागायला काही तिची हरवलेली छत्री नव्हती ती. "निघा," ती कॉलिसबाईंना म्हणाली, आणि बाईंनी इतक्या झटक्यात क्लच सोडला की गाडी दोनदा उचक्या देऊन बंद पडली.

नव्या जर्सीची बातमी तिनं महिन्यापूर्वी वाचली होती आणि ती हसली होती. राखाडी-जांभळ्या रंगातून धावत सुटलेलं बगळ्याचं तोंड, चोच पार काखेपर्यंत. टूथपेस्टच्या ट्यूबवर शोभला असता असला बगळा. क्लबची माणसं असं काहीतरी अधूनमधून काढतच असतात, शेवटी कुणीतरी शहाणा उठतो आणि ते गुंडाळलं जातं, असं समजून तिनं पेपर मिटला होता. बेलमाउथ म्हणजे हिरवी जर्सी आणि छातीवर या काखेपासून त्या काखेपर्यंत आडवा पांढरा पट्टा. त्याला सगळे फळी म्हणत. गोदीत जहाजावर चढायला टाकतात त्या फळीवरून हे नाव पडलं असं तिचे वडील सांगायचे. नाव कुठून आलं याची कुणाला पडली नव्हती. ती होती, एवढं पुरेसं होतं. आणि आता ती पोत्यानं विकली गेली होती. हे कुणी तिला विचारलं नव्हतं, कुणालाच विचारलं नव्हतं. गाडी मेरियन रस्त्याच्या चढावर रेंगाळत होती, मागून ट्रक भोंगा वाजवत होता, कॉलिसबाई रडकुंडीला आल्या होत्या, आणि लोर्ना शांत आवाजात "दुसरा गिअर, आता ॲक्सिलरेटर, सावकाश," असं सांगत होती. त्या शांत आवाजाच्या खाली काहीतरी उकळायला लागलं होतं. ते काय आहे हे तिला कळत होतं आणि कळूनही घ्यायचं नव्हतं, कारण त्याच्या तळाशी तिचा भाऊ होता.

डेस तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. लीगच्या अंतिम सामन्यात तो बेलमाउथकडून खेळला तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आईवडिलांच्या मध्ये गोलच्या मागच्या कठड्याशी उभी होती. शेवटची मिनिटं होती. बेलमाउथ थोडक्यात मागे. इथल्या अठरा-अठरा जणांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनीही झेलतात. चेंडू उंच येत होता, सरळ डेसकडे. तो झेलला असता तर त्याला गोलच्या अगदी समोरून मोकळी लाथ मारायला मिळाली असती, आणि तिथून डेस क्विल्टी झोपेतही चुकला नसता. चेंडू त्याच्या हातांतून सुटला. मग सामना संपल्याचा भोंगा झाला. यातलं किती तिनं स्वतः पाहिलं होतं आणि किती पुढं टीव्हीवर पाहिलं होतं हे आता वेगळं करता येत नव्हतं. चेंडू खाली पडतोय, डेस गुडघ्यांवर, पांढऱ्या पट्ट्यावर चिखल. बेलमाउथ त्यानंतर कधीच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही, त्यामुळे त्या चित्रावर दुसरं चित्र चढलंच नाही.

सोमवारी दारातल्या टपालपेटीत साबणाची वडी आली. बुधवारपर्यंत पेटीत मावेनात इतक्या आल्या. काही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, काही नुसत्याच, एक तर रेशमी फीत बांधलेली. हातातून चेंडू निसटला म्हणून बेलमाउथमध्ये डेसचं नाव साबण पडलं. वडील म्हणाले, सगळ्या खाडीत फेकून देतो. आईनं त्या गोळा करून न्हाणीघरातल्या कपाटात रचल्या. "साबण म्हणजे साबण," ती म्हणाली. "धुतं की नाही, एवढं बघायचं." पुढं कितीतरी दिवस त्या घरात साबण विकत आणला गेला नाही. फीतवाली वडी तिनं पाहुण्यांसाठी ठेवली. वडील गळ्यात हिरवा-पांढरा मफलर घालून गोदीवर जात राहिले, इथल्या डिसेंबरच्या, भर उन्हाळ्यातल्या भाजणाऱ्या उन्हातसुद्धा. माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली, तर ते डबा घेऊन बरोब्बर त्यांच्या घोळक्यात जाऊन बसत. आणि लोर्ना लोकरीच्या वखारीच्या कचेरीत टायपिस्ट होती, ती फळी घालून कामावर गेली. साहेब म्हणाला, "मिस क्विल्टी, हे काय?" ती म्हणाली, "थंडी वाजते." बाहेर डांबर वितळत होतं. काखेत, मानेवर, सगळीकडे लोकर टोचत होती. टंकलेखन यंत्राच्या कळांवर घाम पडत होता आणि तिनं ती संध्याकाळपर्यंत काढली नाही, ना त्या दिवशी, ना पुढं उन्हाळाभर. पुढं आयुष्यात तिनं बऱ्याच गोष्टी केल्या, लग्न केलं, नवरा दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या राज्यात गेला, गाडी शिकवायचा धंदा काढला. पण आपण कोण आहोत हे तिला नक्की कळलं ते त्या कचेरीत, घामानं निथळताना.

डेसला यातलं काही माहीत नव्हतं. तो सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी निघून गेला होता. उत्तरेत धरणांच्या कामावर राहिला आणि आईवडील दोघंही गेल्यावर परत आला. दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं. दर रविवारी तिच्या अंगणातलं गवत कापायला यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. हवेबद्दल बोलायचा, माशांबद्दल बोलायचा. त्या सामन्याबद्दल त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता. आपण विचारलं नाही म्हणून तो बोलला नाही, का तो बोलला नाही म्हणून आपण विचारलं नाही, हे तिला कधी उलगडलं नाही.

चिंधी दिसली त्याच आठवड्यात शिकवणी संपवून ती थुईच्या बेकरीत पाव घ्यायला गेली तर काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दिसला: *फळी परत द्या. सही आत करा.* थुई चाळिशीची, बुटकी, खणखणीत आवाजाची. सहा वर्षांची असताना आईबापांबरोबर निर्वासितांच्या बोटीतून आलेली. "पाव नंतर," ती म्हणाली. "आधी सही." "तू कधीपासून एवढी फुटबॉलवाली?" लोर्नानं विचारलं. थुईनं कमरेवर हात ठेवले. "चर्चनं आम्हाला जुन्या कपड्यांचं खोकं दिलं होतं. त्यात फळी होती. मला गुडघ्यापर्यंत यायची. शाळेत पोरं म्हणाली, काढ ती, ती आमची आहे. मी म्हटलं, काढून दाखवा." "मग?" "मग काय! एकाचा दात पडला. दुधाचाच होता. कर सही." लोर्नानं सही केली. मग थुईनं आडनाव वाचलं. "क्विल्टी म्हणजे..." "हो," लोर्ना म्हणाली. "त्याची बहीण. अजून कागद आहेत का? माझ्या गाडीत रोज आठ माणसं बसतात, आणि ती मला नाही म्हणू शकत नाहीत."

उन्हाळाभर ते चाललं. बाजारात, ट्रामच्या थांब्यांवर, चर्चच्या पायऱ्यांवर. सभासदांच्या पुरेशा सह्या जमल्या तर क्लबला खास सभा बोलवावी लागते, असा नियम थुईनं शोधून काढला होता. लोक हसायचे. "एका पट्ट्यासाठी एवढं?" लोर्नाला उत्तर द्यायला जमत नसे, तशी तिला गरजही वाटत नसे. लेखणी पुढं करून ती नुसती उभी राहायची. मग रेडिओवाले आले, मग टीव्हीवाले. आणि टीव्हीवर पहिल्याच संध्याकाळी, फळी कशी होती हे दाखवायला म्हणून, त्यांनी डेसला दाखवलं. चेंडू पडतोय, गुडघे, चिखल. निवेदिका हसून म्हणाली, "तर हीच ती जर्सी, जिच्यासाठी बेलमाउथचे लोक भांडत आहेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सावकाश गतीनं. लोर्ना खुर्चीच्या कडेवर बसून बघायची. हे आपण केलं, असं वाटायचं. मग दुसरा विचार यायचा, की हे ते करताहेत, आपण नाही, आणि त्यांच्या भीतीनं आपण थांबलो तर साबणांचा तो पहिला आठवडा पुन्हा सुरू होईल, फक्त या वेळी आपण घरात दडून बसलेले असू. दोन्ही विचार खरे होते. ती त्या दोघांच्या मध्ये बसून राहायची, टीव्ही बंद झाल्यावरही.

त्या रविवारी डेस आला नाही. पुढच्याही नाही. अंगणातलं गवत वाढलं, पिवळं पडलं, त्याला तुरे आले. ती स्वतः यंत्र काढू शकली असती, पण तिनं काढलं नाही. मग त्याचा फोन आला.

"लोर्ना, बंद कर हे."

"डेस, कसा आहेस तू?"

"काल खिळे घ्यायला गेलो होतो. दुकानातला माणूस म्हणाला, जपून धरा, सांडतील. वीस-बावीसचा असेल. तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता."

"ते मी दाखवत नाही टीव्हीवर. ते दाखवतात."

"त्यांना निमित्त कोण देतं?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "ती जर्सी मी घातली होती. तू नव्हती घातलीस. माझा डाग तू कशाला छातीवर मिरवतेस?"

घातली होती, असं तिच्या ओठांवर आलं. अख्खा उन्हाळा घातली होती. पण ते बोलायचं म्हणजे साबणाचं, आईचं, गोदीवरच्या वडिलांचं सगळंच काढायचं, आणि ते त्याच्यापासून लपवायचं असा घरानं न बोलता ठराव केला होता. रिसीव्हर तिच्या हातात निसरडा झाला. "मी थांबणार नाही, डेस," ती म्हणाली. पलीकडे रिसीव्हर ठेवला गेला.

क्लबचा अध्यक्ष ग्रँट वेदरॉल. इमारती बांधणारा माणूस, गोदीच्या जागेवर ज्यानं काचेचे मनोरे उभे केले तोच. त्यानं तिला भेटायला बोलावलं. उन्हानं रापलेला, देखणा, समोरच्याचं नाव दर वाक्यात घेणारा. "लोर्ना, मीही बेलमाउथचाच आहे," तो म्हणाला. "पण पाहणी काय सांगते? नव्या पिढीला फळी म्हटलं की एकच आठवतं. पराभव. आपल्याला पोरांना जिंकायला शिकवायचंय, लोर्ना." मग तो थोडा पुढं झुकला. वर्षातून एक सामना जुन्या जर्सीत खेळू, खास परंपरेचा दिवस म्हणून, बॅगपाइप वगैरे. सभेची गरजच नाही.

"वर्षातून एकदा," लोर्ना म्हणाली. "म्हातारीला वृद्धाश्रमात टाकायचं आणि नाताळाला केक घेऊन जायचं. तसं?"

वेदरॉल हसला. त्याला खरंच हसू आलं होतं. "तुमच्या भावाशी बोललो मी," तो म्हणाला. "फार सभ्य माणूस. सभेत तो आमच्या बाजूनं बोलणार आहे."

ती उठली, दरवाजा समजून काचेच्या भिंतीकडे चालत गेली आणि काच नाकाला लागली तेव्हा थांबली. खाली खाडी चमकत होती. पाठीमागून वेदरॉल अतिशय अदबीनं म्हणाला, "इकडून, लोर्ना."

थुईला हे सांगितलं तेव्हा ती ट्रेमधले गरम पाव काढत होती. "मग तू बोलू नकोस," ती लगेच म्हणाली. "मी बोलते. सख्ख्या भावाच्या विरुद्ध कुणी उभं राहू नये." खरं तर तिला तेच हवं होतं, कुणीतरी सुटका करावी असं. कितीतरी दिवस ती रात्री अंथरुणात भाषण तयार करायची, आणि दर वेळी शेवटी समोर सभा नसायची, डेसच असायचा, हातात गवताचं यंत्र घेऊन. "नाही," ती म्हणाली. "मीच बोलणार. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल की मी लपले."

फेब्रुवारीतला तो खास सभेचा रविवार. उत्तरेचा वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. टाउन हॉल दुपारीच भरला. लोक पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, वरच्या सज्जात. निम्म्यांच्या अंगावर जुन्या जर्स्या, वासासकट. वेदरॉलनं आकडे सांगितले, पडद्यावर बगळा दाखवला, सज्जातून कुणीतरी क्वॅक क्वॅक केलं आणि दुसऱ्यानं ओरडून सांगितलं की गाढवा, तो बदकाचा आवाज आहे. हशा पिकला. मग वेदरॉल म्हणाला, "आता एक माणूस बोलेल, ज्याला फळी काय असते हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे." आणि डेस उठला. करड्या कोटात, केस पाण्यानं बसवलेले. किती बारीक झालाय, हे तिला दुरून दिसलं. रविवारी समोर बसायचा तेव्हा दिसलं नव्हतं.

"मला बोलता येत नाही," डेस म्हणाला. "थोडक्यात सांगतो. ती जर्सी मला बघवत नाही. रस्त्यात कुणाच्या अंगावर दिसली तरी तळहातांना घाम फुटतो. अजून. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी माझा तो दिवस अंगावर घालून का खेळावं? त्यांना त्यांचं काहीतरी नवं मिळू दे. बस, एवढंच." तो बसला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हुर्यो उडवली नाही. मागच्या रांगेतून, फार मोठ्यानं नाही, एक आवाज आला: "साबण." लोर्नानं वळून पाहिलं. सत्तरीचा एक म्हातारा, अंगात फळी. आपल्याच बाजूचा. या लोकांबरोबर आपण उभे आहोत. हेच ते, टपालपेटीवाले. त्यांना त्यांची फळी परत मिळवून द्यायला आपण भावाला इथवर आणलं. त्या क्षणी ती दरवाजातून बाहेर पडली असती तर नवल नव्हतं. पण पाय पुढं गेले, आणि ती व्यासपीठावर, माइकसमोर उभी राहिली. रात्रीची पाठ केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली होती.

"आत्ता साबण कोण म्हणालं?" तिनं विचारलं. "उभे राहा ना. आमच्या आईनं तुमच्या साबणानं वर्षभर आमचे कपडे धुतले, तुमचे आभार मानायचे राहिलेत." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. डेसनं मात्र वर पाहिलं. चेहऱ्यावर असं काही, की घरातली एखादी खोली त्याला कधी कुणी दाखवलीच नव्हती. "होय, आल्या होत्या," ती आता माइकला नाही, त्यालाच सांगत होती. "पेटी भरून. आईनं त्या वापरल्या. बाबा मफलर घालून गोदीवर गेले, रोज. मी फळी घालून कचेरीत गेले, चाळीस डिग्रीत. तू इथं नव्हतास. तुला आम्ही सांगितलं नाही. तुला ती बघवत नाही, हे खरं आहे, आणि तुला तसं वाटायचा हक्क आहे. कुणी तुझ्या अंगावर घालणार नाही." मग ती वेदरॉलकडे वळली. "हे गृहस्थ म्हणतात, फळी म्हणजे पराभव. बरोबर आहे. आम्ही हरलो. हरल्यावर आम्ही कपडे बदलले नाहीत, एवढंच. जिंकल्यावर कुणीही कुठलीही जर्सी घालेल, त्यावर बगळा काढा नाहीतर कोळंबी. हरलेल्या दिवशी जी अंगावर ठेवावीशी वाटते ती आमची. ती तुमच्या बापाची नाही, की पोत्यात भरून विकली."

गलका असा झाला की छतावरची धूळ खाली आली. वेदरॉलनं फळीच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितले तेव्हा सगळं सभागृह हातांचं झालं. थुई बाकावर उभी राहून दोन्ही हात वर करून होती आणि शेजारचा माणूस तिचा एक हात खाली ओढत होता. विरोधात तुरळक. त्यांत डेसचा. त्यानं हात सरळ वर केला, लोर्नाकडे बघत, आणि तिनंही नजर काढली नाही. मग वेदरॉल शांतपणे म्हणाला की न आलेल्या सभासदांनी टपालानं आपली मतं अध्यक्षांच्या नावे केली आहेत, नियमानुसार. ती मोजली गेली. फळी हरली.

लोक रस्त्यावर तसेच उभे राहिले, लग्न मोडल्यासारखे. कुणी रडत होतं. थुई तांबडीलाल झाली होती. "नियम मीच शोधले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आणि हा नियम मला दिसला नाही." लोर्नाला मात्र आतून काहीतरी ओळखीचं वाटत होतं. हे तिला माहीत होतं. सोमवारी काय करायचं हे तिला पक्कं माहीत होतं. "घरी पांढऱ्या चादरी आहेत का?" तिनं विचारलं.

मार्चच्या शेवटी, उन्हाळा सरताना, हंगामाचा पहिला सामना झाला. हवा गार झाली होती, रस्त्याकडेच्या झाडांची पानं करपायला लागली होती. जुन्या जर्स्या ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या घातल्या, बाकीच्यांनी हिरवं काहीही, शाळेचे स्वेटर, बागकामाचे कोट, आणि छातीवर आडवी टाचलेली चादरीची पट्टी. फाटकावरच्या रखवालदारानं थुईला अडवलं. बॅनर आत न्यायला मनाई आहे, म्हणाला. "हा बॅनर नाही," थुई म्हणाली, "छाती आहे." मागे रांगेत इतके लोक हसले की तो बाजूला झाला. मैदानात बगळेवाले अठरा जण धावत आले आणि चारही बाजूंच्या पायऱ्यांवर नुसत्या फळ्याच फळ्या, पांढऱ्या, वाकड्या, सुटत चाललेल्या. खेळाडूंपैकी काही जण थबकून वर बघत राहिले. वेदरॉल आपल्या काचेच्या खोलीत पाठ करून उभा होता. बेलमाउथ सपाटून हरला. लोक पाव-सॉसेज खात, पट्ट्या न काढता, सावकाश बाहेर पडले.

लोर्ना घरी गेली नाही. छातीवरच्या पट्टीसकट ती चालत धक्क्यावर गेली. तिला माहीत होतं तो कुठं असेल. धक्क्याच्या टोकाला, गळ टाकून, पाय खाली सोडून. सभेनंतर ते बोलले नव्हते. ती शेजारी बसली. लाकूड उन्हानं अजून कोमट होतं. त्यानं तिच्याकडे, तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे.

"हरलीस," तो म्हणाला.

"हो."

"आजही हरले ना?"

"सपाटून."

"मग हे काढ की आता."

"पुढच्या वर्षी पुन्हा सभा मागणार आहोत," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."

त्यानं गळ थोडा ओढून पाहिला. रिकामा होता. "मी तुला माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"माफी मागितली कुणी?"

त्याच्या गालावर काहीतरी हललं. खाली एक फ्लॅटहेड मासा बादलीत आडवा पडून हळूहळू तोंड उघडत-मिटत होता. मग तो म्हणाला, तिच्याकडे न बघता, "आईनं खरंच वापरल्या?" "सगळ्या." "बाबा रोज मफलर घालून?" "रोज." त्यानं मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिला. मग एकदम, घसा खाकरून, त्यानं विचारलं, "टीव्हीवर ते नेहमी चेंडू सुटल्यापासून दाखवतात. त्याच्या आधी काय झालं होतं? मला आठवतच नाही. चेंडू येताना दिसतो, मग एकदम चिखल. मधलं गेलंय."

सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला टीव्हीवरचंच दिसलं. चेंडू पडतोय, गुडघे. तिलाही तेवढंच उरलं होतं की काय? इतकी वर्षं तिनं फळी जपली होती, मफलर आणि साबण जपले होते, आणि डेसचा तो क्षण तेवढा टीव्हीवाल्यांना देऊन टाकला होता. तिनं डोळे मिटले. कठडा. कठड्याचा ताजा रंग तळहाताला चिकटत होता. आईच्या ओल्या कोटाचा वास. वडिलांनी तिचं मनगट धरलेलं, आणि ते त्यांनी एकाएकी इतकं आवळलं की ती कळवळली. का आवळलं? चेंडू अजून वरच होता. मग तिला तो दिसला. खालून येणारा, घोळक्यातून उगवणारा.

"तू त्यांच्या वरून आलास," ती म्हणाली. "दोघं होते. एकाच्या खांद्यावर तुझा गुडघा होता आणि तू अजून वरच चालला होतास. आमच्या बाजूचे सगळे गप्प झाले. गोंगाट नाहीच, एकदम शांत. आई म्हणाली, 'आता हा खाली कसा येणार?' आणि चेंडू तुझ्या हातांत होता, डेस. आला होता. दहाही बोटांत."

"खरं?"

"बाबांनी माझा हात सुजवला त्या दिवशी."

डेसनं गळ बाजूला ठेवला. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. "किती वर गेलो होतो?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज एखाद्या पोराचा होता.

लोर्ना उठली. गुडघे कुरकुरले. धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी जाऊन तिनं हात वर केला आणि लोखंडावर तळवा टेकवला. "इथवर."

"खोटं बोलतेस," डेस म्हणाला.

"बरं." ती चवड्यांवर उभी राहिली, पट्टीची एक टाचणी सुटली, वाऱ्यानं कापड फडफडलं, तिनं हात आणखी वर नेला. "इथवर. आता बोल काय बोलायचं ते."

तो मान मागे टाकून वर तिच्या हाताकडे बघत राहिला. तिच्या पोटऱ्यांचे स्नायू थरथरायला लागले, खांदा भरून आला, तरी तिनं हात खाली घेतला नाही.